लिनक्स काढून परत विंडोज टाकायचंय, आणि लग्नसराई तोंडावर आलीय

पत्रिकावाली (अमळनेर) | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आमचं छापखान्याला लागून डीटीपीचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. दोन वर्षांपूर्वी दुकानातला कॉम्प्युटर फारच रडायला लागला, म्हणून भाच्याने विंडोज काढून लिनक्स मिंट टाकून दिलं. खोटं कशाला बोलू, मशीन पळायला लागलं. बिलं, पीडीएफ, प्रिंट सगळं निघतं.

अडचण जुन्या कामांची आहे. आमच्या पत्रिका सगळ्या कोरल ड्रॉमध्ये. कोरल मिंटवर चालत नाही. मिंटवरच्या इंकस्केप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडतात, पण कशा? गणपती एका कोपऱ्यात, बॉर्डर दुसऱ्या कोपऱ्यात, आणि ‘चि. सौ. कां.’च्या जागी कुठल्यातरी परदेशी खुणांची रांग. फॉन्ट जुने, युनिकोडच्या आधीचे. इतके दिवस दिराच्या लॅपटॉपवर भागवलं, तो आता लॅपटॉप घेऊन पुण्याला गेला. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे पार्ट्या दारात उभ्या असतात. सात पत्रिका हातात आहेत.

मशीन: आय-थ्री, चौथी पिढी, रॅम ४ जीबी. डिस्क दोन. २४० जीबीची एसएसडी, तिच्यावर मिंट. दुसरी जुनी ५०० जीबीची, तिच्यात २०११ पासूनच्या पत्रिका. ती गेली तर मला घरात घेणार नाहीत.

मिंटमधल्याच इमेज रायटरने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवला, पण तो लावला तरी मिंटच सुरू होतं. मिंटमधून एसएसडी फॉरमॅट करायला गेले तर तेही करू देत नाही. इथल्या एका दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो म्हणाला पाचशे रुपये, आणि डेटाची गॅरंटी नाही. आधी लिनक्स काढायचं की आधी विंडोज टाकायचं, एवढं कुणी सांगेल का?

केळीबाग (रावेर) | सोमवार, रात्री १०:२०

ताई, लिनक्स म्हणजे केळीचा खुंट. वरून कापलात तरी बाजूने पील निघतंच. त्या पिलाचं नाव ग्रब, मशीन चालू केलं की लिनक्स उठवणारा छोटा प्रोग्राम. बाकी मला काही कळत नाही, जाणकार येतीलच.

गोलाणी_रिपेअर (जळगाव) | सोमवार, रात्री १०:४१

ताई, आज रात्री काहीही डिलीट करू नका. दुकान बंद करा, जेवा, झोपा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: लिनक्स वेगळं ‘काढावं’ लागत नाही. ते काही सॉफ्टवेअर नाही की अनइन्स्टॉल केलं. डिस्कच्या ज्या भागावर, म्हणजे पार्टिशनवर, मिंट चालू आहे ते मिंटमध्ये बसून फॉरमॅट होणार नाही, बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालण्यातला प्रकार आहे. विंडोजचा इन्स्टॉलर सुरू झाला की तोच डिस्क पुसतो. म्हणजे लिनक्स जाणार सगळ्यात शेवटी. तोपर्यंत ते तुमच्या कामाचं आहे, कारण बॅकअप आणि पेनड्राइव्ह दोन्ही त्याच्यातूनच करायचंय.

पेनड्राइव्ह का चालला नाही ते सांगतो. इमेज रायटर आयएसओ फाइल (अख्खी इन्स्टॉलेशन डीव्हीडी एका फाइलमध्ये) जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवतो. लिनक्सच्या आयएसओ त्या हिशोबानेच बांधलेल्या असतात, विंडोजची तशी नसते. हाताने पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट करून फायली कॉपी करायला गेलात तर इन्स्टॉल डॉट विम नावाची फाइल अडवते, ती ४ जीबीच्या वर असते आणि फॅट-३२ मध्ये तेवढी मोठी फाइल मावत नाही. असा पेनड्राइव्ह बनवायचं रुफस नावाचं टूल लिनक्सवर चालत नाही. व्हेंटॉय नावाचं चालतं. १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, व्हेंटॉय त्यावर टाका (पेनड्राइव्ह पुसला जाईल), मग विंडोजची आयएसओ गाणं कॉपी करतो तशी त्यात टाका. झालं.

आयएसओ मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. विंडोजवरून गेलं की ती साइट वेगळं टूल गळ्यात मारते, लिनक्सवरून गेलं की थेट आयएसओ देते. लिंक २४ तास चालते. कुणाच्या टेलिग्रामवरची ‘लाइट’ विंडोज घेऊ नका, माझ्याकडे आठवड्याला दोन मशीन त्यापायी येतात.

तापीकाठ (चोपडा) | सोमवार, रात्री ११:०५

चांगलं चालतंय ते काढायचं कशाला? मिंटमध्ये व्हर्च्युअलबॉक्स टाका (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर), त्यात विंडोज, त्यात कोरल. दोन्ही घरचे पाहुणे सुखी. मी सहा वर्षं लिनक्सवर आहे, आमच्या पतपेढीचं सगळं लिब्रेऑफिसवर चालतं, एकदाही व्हायरस नाही.

पत्रिकावाली (अमळनेर) | सोमवार, रात्री ११:११

दादा, भाच्याने तेही करून पाहिलं होतं. ४ जीबीत मिंट पण आणि विंडोज पण. कोरल उघडेपर्यंत मी चहा करून आणायचे. शिवाय फॉन्टच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं डोंगल (लायसन्सची पेनड्राइव्हसारखी किल्ली) लागतं, ते आतल्या विंडोजला कधी दिसायचं, कधी नाही. पार्टी समोर बसलेली असताना ‘थांबा, डोंगल दिसत नाहीये’ कसं सांगू?

तापीकाठ (चोपडा) | सोमवार, रात्री ११:१४

४ जीबी वाचलंच नव्हतं. मग नाही जमणार. डीडीआर-थ्री रॅम सेकंडहँड मिळते, ८ करा आणि पुढच्या वर्षी माझं ऐका.

जंक्शनवाले_अप्पा (भुसावळ) | मंगळवार, सकाळी ६:०२

मी रेल्वेतून निवृत्त. पहाटे उठायची सवय गेली नाही म्हणून आता लिहितोय.

केळीबागवाल्यांनी पील म्हटलंय ते अगदी बरोबर आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर सगळ्यात पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट मशीन सुरू करायच्या कोडला, उरलेल्यात चार पार्टिशनची यादी आणि शेवटी दोन बाइटची सही. ग्रबचा पहिला तुकडा त्या ४४६ मध्ये बसतो, बाकीचं धूड लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. लोक पार्टिशन उडवतात, पहिला तुकडा तसाच राहतो. तो उठतो, आपलं घर शोधतो, घर नाही. मग काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’. विंडोज ९८ च्या काळात आम्ही फ्लॉपी लावून एफडिस्क स्लॅश एमबीआर मारायचो, एका ओळीत काम. आता तेच काम बूटरेक स्लॅश फिक्सएमबीआर करतं.

पण बाई, तुमचं मशीन कुठल्या पद्धतीने चालतंय ते आधी बघा. मिंटमध्ये फाइल सिस्टिम उघडा, सिस फोल्डर, त्यात फर्मवेअर, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर आहे का? असेल तर मशीन सुरू व्हायची नवी पद्धत, यूईएफआय; नसेल तर जुनी, लेगसी पद्धत. हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं, विंडोजचं लायसन्स कुठून आणणार?

पत्रिकावाली (अमळनेर) | मंगळवार, सकाळी ९:३५

अप्पा, ईएफआय फोल्डर नाही. फर्मवेअरमध्ये दुसरं काय काय आहे, ते नाही.

लायसन्सचं असं आहे की मशीन घेतलं तेव्हा विंडोज ७ ओरिजिनल होतं, कॅबिनेटवर स्टिकर आहे, अक्षरं पुसट झालीत. मग २०१६ मध्ये फुकट मिळत होतं तेव्हा विंडोज १० केलं. सासऱ्यांनी तेव्हा ‘फुकट म्हणजे काहीतरी गोम आहे’ म्हणून दोन दिवस करू दिलं नव्हतं.

जंक्शनवाले_अप्पा (भुसावळ) | मंगळवार, सकाळी ९:५०

मग तुम्ही सुटलात. तो फुकट अपग्रेड २९ जुलै २०१५ ते २९ जुलै २०१६ असा वर्षभर होता. तेव्हा एकदा ॲक्टिव्हेट झालं की मायक्रोसॉफ्टकडे तुमच्या मदरबोर्डच्या नावाने नोंद राहते. मदरबोर्ड तोच आहे ना? मग लायसन्सची की विचारेल तेव्हा ‘माझ्याकडे प्रॉडक्ट-की नाही’ हे निवडा आणि आधी विंडोज १० होम होतं का प्रो, तेच टाका. नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होईल. स्टिकरवरची विंडोज ७ ची की टाकायला जाऊ नका, सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी तो रस्ता बंद केला.

सासरे शहाणे होते हो. पण करू दिलं हे बरं झालं.

धुळ्याचा_बंडू (धुळे) | मंगळवार, सकाळी १०:१५

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता तेच परत टाकायचं म्हणजे भंगारात पैसे घालणं. सरळ ११ टाका.

गोलाणी_रिपेअर (जळगाव) | मंगळवार, सकाळी १०:३२

बंडूभाऊ, पैसे कुठे घालतायत त्या? ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे आणि इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर. ताईंचा चौथ्या पिढीचा. रुफसने अट चुकवून टाकता येतं, मीही गिऱ्हाइकांना टाकून दिलंय, पण ४ जीबी रॅमवर ११ आणि कोरल म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरची ट्रॉली. १० टाका, वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यानंतर त्या मशीनचं नेट काढून टाका, पत्रिका मोबाइलवर मागवा आणि केबलने कॉपी करा. तोवर दुसऱ्या मशीनला पैसे जमतील.

ईएफआय फोल्डर नाही म्हणजे भाच्याने मिंट लेगसीत टाकलंय. चौथ्या पिढीचे बोर्ड बहुतेक यूईएफआय घेतात, त्यामुळे नवीन टाकताना यूईएफआयमध्येच टाकू. मदरबोर्ड तोच राहतो, लायसन्सला अडचण नाही.

आता खरं महत्त्वाचं. विंडोज टाकायच्या आधी कॅबिनेट उघडून त्या ५०० जीबीच्या डिस्कची केबल काढून ठेवा. डिस्कचे स्क्रू काढायची गरज नाही. मशीन बंद, प्लग काढलेला, मग डिस्कच्या मागची चपटी साटा केबल ओढून काढायची, बस. दोन कारणं आहेत. एक, इन्स्टॉलरमध्ये डिस्क ०, डिस्क १ असे आकडे दिसतात, नावं नसतात, आणि त्या घाईत माणूस चुकतो. दुसरं कमी लोकांना माहीत असतं: दोन्ही डिस्क लावलेल्या असल्या तर विंडोज तुम्ही सांगाल त्या डिस्कवर जातं, पण सुरू व्हायचं छोटं पार्टिशन बरेचदा डिस्क ० वर टाकून देतं. मग वर्षभराने जुनी डिस्क मेली की नवीन एसएसडीवरचं विंडोजही उठत नाही. गिऱ्हाईक म्हणतं डिस्क तर चांगली आहे, मग काय झालं? हे झालं.

नंदुरबारचे_गुरुजी (नंदुरबार) | मंगळवार, दुपारी १:१०

मधल्या सुट्टीत लिहितोय. आमच्या शाळेची तीन मशीन मी अशीच परत विंडोजवर आणली, तेव्हा एका गोष्टीने घाम फोडला, ती सांगतो.

मिंटमध्ये फायलींना नावं देताना तुम्ही कोलन वापरलाय का? ‘पाटील: साखरपुडा’ असं? लिनक्सला चालतं, विंडोजला कोलन, प्रश्नचिन्ह, ताऱ्याची खूण, दुहेरी अवतरण यांतलं काहीही नावात चालत नाही. मी निकालपत्रकांची नावं ‘इयत्ता ७ वी: अंतिम?’ अशी ठेवली होती. काही कॉपी झाल्या नाहीत, काही झाल्या त्या विंडोजमध्ये उघडेनात. मिंटमध्ये असतानाच नावं बदलून घ्या. मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये एकदम निवडून नावं बदलायची सोय आहे.

बॅकअप घेताना नुसतं डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप घेऊन उठू नका. होम फोल्डर अख्खं घ्या, कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर दिसले पाहिजेत. ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क तिथेच असतात. विंडोज लिनक्सची ईएक्सटी-४ पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क वाचत नाही, त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणाल तर नंतर काही नसतं.

पत्रिकावाली (अमळनेर) | मंगळवार, दुपारी २:४०

गुरुजी, तुम्हाला कसं कळलं? मी सगळ्या बिलांना ‘बिल: गावाचं नाव’ असंच ठेवलंय. दोनशेच्या वर फायली. बसले आता.

शिरपूरकर_१९ (शिरपूर) | मंगळवार, सायंकाळी ५:५५

दादा मी इथेच विचारू का, माझापण असाच प्रॉब्लेम. लॅपटॉपला विंडोज ११ आणि उबंटू दोन्ही होतं. गेमला जागा कमी पडत होती म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून उबंटूचं पार्टिशन डिलीट केलं. रिस्टार्ट केल्यावर काळी स्क्रीन आणि वर ‘ग्रब’ लिहून नुसता कर्सर. विंडोजपण येत नाही. उद्या सबमिशन आहे. घरी सांगितलं नाही अजून. बठ्ठं उडी गयं का?

केळीबाग (रावेर) | मंगळवार, सायंकाळी ५:५८

बघा. पील.

गोलाणी_रिपेअर (जळगाव) | मंगळवार, सायंकाळी ६:०७

काही उडालं नाही भाऊ, घाबरू नको. विंडोज जागेवर आहे, फक्त दारावरचा वॉचमन गोंधळलाय. कर्सरपुढे एक्झिट टाइप करून एंटर मार. बऱ्याच लॅपटॉपवर तेवढ्याने विंडोज सुरू होतं. नाही झालं तर बंद करून चालू करताना बूट मेनूची की दाब, कुणाची एफ-१२, कुणाची एफ-९, कुणाची एस्केप. यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसेल, ते निवड.

निळी स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप आहे. तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला मोबाइलवरून लॉगिन कर, डिव्हाइसच्या नावाखाली की असते. आकडे दोनदा तपासून टाक.

शिरपूरकर_१९ (शिरपूर) | मंगळवार, सायंकाळी ६:२१

एक्झिटनेच झालं!!! दादा तुमच्या पाया पडतो. पण रिस्टार्ट केलं की परत तेच येतंय.

गोलाणी_रिपेअर (जळगाव) | मंगळवार, सायंकाळी ६:४४

येणारच. आधी सबमिशन कर. मग बायोसमध्ये (मशीन सुरू व्हायच्या सेटिंगमध्ये) जाऊन बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर ने. ९० टक्के लोकांचं काम इथे संपतं आणि मी म्हणतो इथेच संपवावं.

तुला अगदी साफच करायचं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघड. (मी देवनागरीत लिहितोय, तू टाइप इंग्रजीत कर, नाहीतर परत लिहिशील की चालत नाही.) क्रमाने या कमांड दे: डिस्कपार्ट, लिस्ट व्हॉल्यूम. त्यात १०० ते ५०० एमबीच्या आसपासचं फॅट-३२ वालं सिस्टिम व्हॉल्यूम शोध. सिलेक्ट व्हॉल्यूम आणि त्याचा नंबर, मग असाइन लेटर इक्वल टू एस. एक्झिट. आता एस ड्राइव्हमध्ये ईएफआय फोल्डर, त्यात उबंटू नावाचं फोल्डर असेल, तेवढंच आरडी स्लॅश एस देऊन उडव. शेजारी मायक्रोसॉफ्ट नावाचं फोल्डर आहे, त्याला हात लावलास तर मग खरंच घरी सांगावं लागेल. आणि ‘हे छोटं पार्टिशन कशाला पाहिजे’ म्हणून ते अख्खं डिलीट करणारे पण भेटलेत मला.

रिकामी झालेली जागा सी ड्राइव्हला जोडायची असेल तर ती सीच्या लगेच उजवीकडे पाहिजे. मध्ये रिकव्हरीचं पार्टिशन असलं तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडं दिसतं. तसं असेल तर त्या जागेचा सरळ डी ड्राइव्ह बनव, गेम काय डीवर पण चालतात.

जंक्शनवाले_अप्पा (भुसावळ) | मंगळवार, रात्री ७:३०

पोरा, पुढच्या वेळी उलटं करायचं. आधी बूट ऑर्डर बदलायची, दोनदा रिस्टार्ट करून बघायचं, मग पार्टिशन उडवायचं. सिग्नल बदलल्याशिवाय रूळ काढत नाहीत.

पत्रिकावाली (अमळनेर) | बुधवार, दुपारी ३:१८

मंडळी, कुणी आहे का? घाबरून लिहितेय.

बॅकअप झाला, ५०० च्या डिस्कवर आणि शिवाय भाच्याच्या सांगण्यावरून एका पेनड्राइव्हवर पण. केबल काढली (आत किती धूळ, शी). व्हेंटॉयवरून विंडोज सुरू झालं. कस्टम निवडलं. तिथे दोन डिस्क दिसतायत! मी केबल काढलीय ना? डिस्क ० वर ४-५ पार्टिशन दिसतायत, डिस्क १ पण आहे. आणि डिस्क ० निवडली तर खाली पिवळी खूण, विंडोज टाकता येणार नाही, एमबीआर असं काहीतरी.

गोलाणी_रिपेअर (जळगाव) | बुधवार, दुपारी ३:२४

हात माउसवरून काढा आणि आकडे वाचा. दोन्ही डिस्कची टोटल साइझ काय आहे?

पत्रिकावाली (अमळनेर) | बुधवार, दुपारी ३:२७

डिस्क ० ची सगळी मिळून २२३ पॉइंट काहीतरी. डिस्क १ ची १४ जीबी.

गोलाणी_रिपेअर (जळगाव) | बुधवार, दुपारी ३:३१

१४ वाला तुमचा पेनड्राइव्ह आहे, १६ जीबीचा. २२३ ती एसएसडी. कंपनी २४० म्हणते ते दशमानात, विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं, म्हणून आकडा लहान दिसतो. जुनी डिस्क लागलेली असती तर ४६५ दिसलं असतं. तो आकडा स्क्रीनवर कुठेही नाही ना? मग तुमच्या पत्रिका केबल काढलेल्या डिस्कवर सुरक्षित आहेत.

पिवळ्या खुणेचं कारण: इन्स्टॉलर यूईएफआयमध्ये सुरू झालाय, त्याला जीपीटी पद्धतीची डिस्क लागते (पार्टिशनची यादी ठेवायची नवी पद्धत). एसएसडी मिंटच्या वेळची, जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. त्याच स्क्रीनवर शिफ्ट धरून एफ-१० दाबा, काळी खिडकी येईल. डिस्कपार्ट. लिस्ट डिस्क. इथे परत आकडा बघा, २२३ समोर कोणता नंबर आहे. ० असेल तर सिलेक्ट डिस्क ०. मग क्लीन. ‘क्लीन ऑल’ नाही, नुसतं क्लीन. ऑल दिलंत तर तो एकेक सेक्टर शून्याने भरत बसतो, उगाच बराच वेळ जातो आणि एसएसडीला त्याचा काही फायदा नाही. मग कन्व्हर्ट जीपीटी. एक्झिट, परत एक्झिट. खिडकी बंद करून रिफ्रेश दाबा. एकच ‘अनॲलोकेटेड’ दिसेल. ती निवडा आणि नेक्स्ट. स्वतः पार्टिशन पाडू नका, लागतील ती छोटी पार्टिशन विंडोज स्वतः करतं.

क्लीन मारलं की मिंट गेलं. परत विचारतो, बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिलीत?

पत्रिकावाली (अमळनेर) | बुधवार, दुपारी ३:४०

पेनड्राइव्हवरच्या पाहिल्या, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे. उघडतात.

लाइट गेली तर?

गोलाणी_रिपेअर (जळगाव) | बुधवार, दुपारी ३:४२

यूपीएस आहे ना? नसेल तर आज तुमच्या फीडरला लाइट कधी जाते ते बघून बसा. गेलीच तर काही बिघडत नाही, पहिल्यापासून करावं लागेल एवढंच. डेटा तर केबल काढलेल्या डिस्कवर आहे.

तापीकाठ (चोपडा) | बुधवार, दुपारी ३:५५

मिंटला माझ्यातर्फे दोन मिनिटं शांतता.

पत्रिकावाली (अमळनेर) | गुरुवार, सकाळी ११:०४

झालं!

क्लीन मारताना हात थरथरत होता, आणि ते एका सेकंदात झालं. दोन वर्षांचं मिंट, आणि पडद्यावर एक ओळ. नंतर सगळं सरळ. की विचारली तिथे ‘नाही’ म्हटलं. मशीन बंद करून केबल परत लावली, ५०० ची डिस्क आली, आत २०११ पासूनचं सगळं जागेवर. डोंगल दिसलं. कोरल टाकलं. पहिली फाइल उघडली ती आमच्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेची, मुद्दाम. गणपती मधोमध.

एकच शंका. दुकानात अकरा वाजलेत आणि कॉम्प्युटर साडेपाच दाखवतोय. सेल गेला का?

नंदुरबारचे_गुरुजी (नंदुरबार) | गुरुवार, सकाळी ११:२०

सेल नाही. सेल गेला असता तर तारीख कुठल्या कुठे गेली असती. अकरातून साडेपाच वजा करा, बरोबर साडेपाच येतात. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवतं. विंडोज घड्याळात दिसेल तीच स्थानिक वेळ समजतं. म्हणजे मिंट जाताना घड्याळ लंडनचं ठेवून गेलंय. नेट लावा, तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये टाइमझोन भारताचा आहे का बघा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा.

पत्रिकावाली (अमळनेर) | गुरुवार, सकाळी ११:३८

झालं बरोबर. आणि नेट लावल्यावर ॲक्टिव्हेशन पण आपोआप झालं, अप्पा. सासऱ्यांच्या फोटोला सांगितलं, गोम काही नव्हती म्हणून.

गोलाणीदादा, पैसे किती द्यायचे ते सांगा, संकोच करू नका.

गोलाणी_रिपेअर (जळगाव) | गुरुवार, दुपारी १२:१५

पैसे नको. अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेला येतो तेव्हा दुकानावर चहा घेईन. पण ती ५०० ची डिस्क २०११ ची असेल तर तिचं वय झालंय. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघा, रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे डिस्कच्या खराब झालेल्या जागा, त्यापुढचा आकडा वाढत असेल तर महिनाभरात दुसरी घ्या. तिची एमबीआर तशीच राहू द्या, नुसता डेटा ठेवायला चालते.

शिरपूरकर_१९ (शिरपूर) | गुरुवार, दुपारी १:०२

माझं सबमिशन झालं. उबंटूचं फोल्डर पण काढलं. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरला हात लावला नाही.

केळीबाग (रावेर) | गुरुवार, दुपारी १:०५

ताई, आमच्या पुतणीचं लग्न आहे मार्चमध्ये. पाचशे पत्रिका, भाव सांगा.

पत्रिकावाली (अमळनेर) | गुरुवार, सायंकाळी ६:५०

भाऊ, व्यनि (खासगी निरोप) केलाय. तुमच्या पत्रिकेवर केळीचे खुंट फुकट.

आजच्या पहिल्या पार्टीचं प्रूफ दुपारी गेलं. आत्ताच फोन आला, दोन मामांची नावं मागेपुढे झालीत, मोठे मामा रुसलेत. उघडते परत.